गुलबक्षीचा रंग आणि गुलबक्षीची वाढ

सायंकाळचे चार-साडेचार वाजले कीं परसांत एक लहानसा समारंभ सुरू होतो. परंतु तो पाहावयास घरांतील कोणाला सवड नसते. मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेलें गुलबक्षीचें झुडूप त्या वेळीं आपल्या कळ्या उलगडूं लागतें. कोणाच्या परसांत तीं फुलें गर्द गुलाबी, कोणाच्या पिवळीं, कोणाच्या शुभ्र पांढरीं. आणि एखाद्या झाडावर तर एकाच फुलांत पिवळ्या रंगावर गुलाबी शिंतोडे उडालेले दिसतात. रात्रभर मंद सुवास देऊन दुसऱ्या दिवशीं ऊन चढतांच तीं मिटून जातात. कोणी या झाडाला गुलबक्षी म्हणतात, कोणी गुलबास; मुलें त्याच्या मिऱ्यासारख्या काळ्या बिया खिशांत भरतात, आणि मोठीं माणसें त्याच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. न लावतां उगवणाऱ्या आणि न मागतां फुलणाऱ्या वस्तूची किंमत घराघरांतून कमीच असते.

तथापि बागेची हौस असलेल्या घरांत या झाडाविषयीं एक मत कधीं ना कधीं ऐकूं येतें : "गुलाबी गुलबक्षी दणकट, पांढरी नाजूक." हें मत कसें बनतें तें पाहण्यासारखें आहे. कोणी गृहस्थ शेजाऱ्याकडून दोन रंगांच्या बिया आणतो. गुलाबी फुलांची बी विहिरीजवळच्या ओल्या मातींत पडते, पांढऱ्या फुलांची भिंतीच्या सावलींत. श्रावणांत एक झाड कमरेइतकें होतें आणि दुसरें गुडघ्याशींच अडतें. मग घरांतील वडील माणूस निर्णय देतो कीं, पांढरा रंगच मुळीं अशक्त. पुढच्या पावसाळ्यांत पांढरीं रोपें ओळखूं येतांच उपटून टाकण्यांत येतात, आणि दोन-तीन वर्षांत त्या परसांतून पांढरी गुलबक्षी नाहींशी होते. निकाल लागला, शिक्षाहि झाली. चौकशी मात्र झाली नाहीं.

ती चौकशी कशी करावी, आणि ज्यांनीं ती पूर्वीं केली त्यांना काय आढळलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु शेतकरी बियाणें निवडतो, माळी रोपें निवडतो, आणि माणसें एकमेकांना जोखतात, तेव्हां हाच प्रश्न निराळ्या वेषांत पुढें उभा राहतो : बाहेरच्या रंगावरून आंतल्या जोमाविषयीं कांहीं सांगतां येतें काय?

प्रथम झाडाची थोडी ओळख. गुलबक्षी मूळची आपल्याकडील नव्हे. ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील. लिनीअसनें इ. स. १७५३ मध्यें तिला 'मिराबिलिस जलापा' असें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ 'आश्चर्यकारक' असा आहे. तिचें पहिलें आश्चर्य असें कीं, ज्या रंगीत भागाला आपण पाकळ्या समजतों त्या पाकळ्या नव्हेतच; तो फुलाचा रंगीत झालेला संदल आहे, आणि त्याच्या बुडाशीं संदलासारखा जो हिरवा पेला दिसतो तो छदांचा बनलेला असतो. दुसरें असें कीं, एका फुलापासून एकच बी मिळते. ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी पुढें एका मोठ्या प्रयोगाला तीच उपयोगी पडली. जमिनींत तिची मुळी कंदासारखी जाड होते, त्यामुळें वरचें झुडूप वाळलें तरी पुढच्या पावसाळ्यांत तेथूनच नवे कोंब फुटूं शकतात.

आतां रंगाकडे वळूं. रंग फुलांतच असतो असें समजणें ही पहिली चूक. गर्द गुलाबी फुलांच्या गुलबक्षीचें खोड नीट न्याहाळलें तर त्यावर, विशेषतः पेरांपाशीं, तांबूस छटा दिसते. पांढऱ्या फुलांच्या झाडाचें खोड स्वच्छ हिरवें असतें. सदाफुलींतहि हेंच दिसतें. गुलाबी सदाफुलीचें खोड जांभळट, पांढरीचें हिरवें. तेरड्याचें रोप वीतभर झालें कीं जाणता माळी खोडाकडे पाहूनच लाल तेरडा कोणता आणि पांढरा कोणता हें सांगूं शकतो. तेव्हां फुलाचा रंग ही झाडाच्या टोकाला बांधलेली चिंधी नव्हे. रंगद्रव्य बनविण्याची जी क्षमता झाडाच्या ठिकाणीं असते, तिची ती सर्वांत ठळक खूण होय.

हें रंगद्रव्य सर्व झाडांत एकाच जातीचें नसतें. गोकर्णाच्या निळ्या फुलाच्या अर्कांत लिंबू पिळलें तर तो जांभळा-गुलाबी होतो. त्या वर्गांतील द्रव्यें तेरड्यांत आणि वाटाण्याच्या फुलांतहि असतात. गुलबक्षीचें द्रव्य मात्र निराळ्या वर्गाचें, बीटाला लाल करणारें जें द्रव्य त्याच्या जातीचें आहे. तिची सोयरी जी बोगनवेल, तिचाहि रंग याच वर्गांतला. गुलबक्षीच्या पिवळ्या फुलांवरील शिंतोड्यांचें कारणहि आतां कळलें आहे. रंगाच्या एका जनुकांत घुसून बसलेला एक फिरता अंश एखाद्या पेशींतून निघून जातो, आणि मग त्या पेशीपासून वाढलेला तेवढाच भाग लाल रंग बनवूं लागतो.

खोड आणि फूल यांचें असें नातें आहे. मग उंचीचें काय? जोमाचें काय? याचें उत्तर शोधावयाचें तर ब्रुन शहरांतील एका मठाच्या बागेंत जावें लागतें. तें शहर त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होतें. आज तें ब्रनो या नांवानें चेक देशांत आहे. तेथें ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकानें इ. स. १८५६ पासून आठ वर्षें वाटाण्यांवर प्रयोग केले. १८६५ च्या फेब्रुवारींत आणि मार्चांत त्यानें ते स्थानिक शास्त्रमंडळापुढें वाचून दाखविले, आणि पुढच्या वर्षीं ते छापून निघाले. वाटाण्याच्या कांहीं जातींचीं फुलें जांभळट-तांबडीं आणि कांहींचीं पांढरीं असतात. मेंडेलला असें दिसलें कीं, ज्या झाडाचें फूल रंगीत असतें त्याच्या बीचें टरफलहि करडें-तपकिरी असतें आणि पानांच्या बगलेंत तांबूस डाग असतो. फूल पांढरें तर टरफल पांढरें आणि बगलहि हिरवी. हीं तीन लक्षणें पिढ्यान् पिढ्या जोडीनें चालतात, कधीं फारकत घेत नाहींत.

उंचीची गोष्ट मात्र वेगळी निघाली. मेंडेलजवळ सहा-सात फूट वाढणाऱ्या जाती होत्या आणि फूट-दीड फुटाच्या आंत राहणाऱ्या ठेंगण्या जातीहि होत्या. रंग आणि उंची हीं दोन्हीं लक्षणें एकाच वेळीं तपासण्यासाठीं त्यानें एक संकर असा जुळविला कीं, रंग आणि उंची यांचा एकमेकांशीं कांहींच संबंध नसेल तर चार प्रकारचीं झाडें जवळजवळ सारख्या संख्येनें निघावींत. एकंदर १६६ झाडें झालीं. त्यांत रंगीत फुलांचीं उंच ४७, पांढऱ्या फुलांचीं उंच ४०, रंगीत फुलांचीं ठेंगणीं ३८ आणि पांढऱ्या फुलांचीं ठेंगणीं ४१. म्हणजे रंगीत फुलांच्या ८५ झाडांत उंच झाडें निम्म्याच्या किंचित् वर, आणि पांढऱ्या फुलांच्या ८१ झाडांतहि जवळजवळ निम्मीं. पांढरेपणानें ठेंगणेपणा आणला नाहीं आणि रंगानें उंची दिली नाहीं. आज आपल्याला याचें कारण ठाऊक आहे. रंगाचा जनुक एका गुणसूत्रावर असतो, उंचीचा दुसऱ्यावर. पहिल्याचें काम रंगद्रव्य बनविण्याची आज्ञा देण्याचें, दुसऱ्याचें काम खोड लांबविणारा रस तयार करण्याचें. दोघांची वाटच निराळी.

येथें कोणी असें समजूं नये कीं, रंगाचा आणि इतर गुणांचा संबंध कधींच नसतो. संबंध दिसूं शकतो. पण तो कोणत्या प्रकारचा आहे हें ओळखावें लागतें. पहिला प्रकार वाटाण्याच्या टरफलाचा : कारण एकच, आणि त्याचे परिणाम फुलांत, बींत आणि बगलेंत असे तीन ठिकाणीं. दुसरा प्रकार शेजारधर्माचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेटसन, सॉंडर्स आणि पनेट या इंग्रज संशोधकांना स्वीट पी या वेलींत असें आढळलें कीं, जांभळ्या फुलांबरोबर लांबट परागकण आणि तांबड्या फुलांबरोबर वाटोळे परागकण बहुधा जोडीनें येतात. बहुधा, पण नेहमीं नव्हे. दोन गुणांचे जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारीं-शेजारीं असले म्हणजे ते एकत्र प्रवास करतात, आणि कधींमधीं त्यांची ताटातूटहि होते. असा संबंध एका कुळांत खरा, तर दुसऱ्या कुळांत उलटाहि असूं शकतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. चार्ल्स डार्विननें एका जातीच्या गारवेलीवर दहा पिढ्यांपर्यंत प्रयोग केले, आणि ते १८७६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. कांहीं झाडें त्यानें प्रत्येक पिढींत स्वतःच्याच परागानें फळविलीं, कांहीं दुसऱ्या झाडाच्या परागानें. दहा पिढ्यांच्या सरासरींत परपरागानें झालेल्या वेलींची उंची १०० धरली तर स्वपरागानें झालेल्यांची ७७ भरली. याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. स्वपरागाच्या कुळांतील फुलांचा रंग पुढच्या पिढ्यांत एकसारखा गडद जांभळा होत गेला, इतका कीं माळ्याला त्या झाडांवर चिठ्ठी लावण्याची गरज वाटेना. रंगावरूनच तीं ओळखूं येत. आतां कल्पना करा कीं, एखादा परका मनुष्य त्या बागेंत शिरला. एकरंगी गडद वेली आंखूड आणि नानारंगी वेली उंच पाहून तो काय म्हणेल? गडद रंग अशक्त असतो, असेंच म्हणेल. आणि तें साफ चूक ठरेल. कारण उंची घटली ती जवळच्या नात्यांतील संततीमुळें, आणि रंग एकसारखा झाला तोहि त्याच कारणानें. रंगानें उंचीला कांहीं केलेलें नव्हतें. दोघेहि एकाच घरचे आश्रित होते.

गुलबक्षीचा प्रवेश या इतिहासांत मेंडेलच्याच हातून झाला. एका बीजांडाला फळण्यास अनेक परागकण लागतात, असें त्या काळीं डार्विनसारख्या थोर माणसालाहि वाटत होतें. एका फुलाला एकच बी येणारी गुलबक्षी ही शंका फेडण्यास उत्तम. मेंडेलनें एकेका फुलावर एकेकच परागकण ठेविला. त्यांतून १८ चांगल्या भरलेल्या बिया मिळाल्या, तितकींच रोपें झालीं, आणि त्यांतील बहुतेक रोपें नेहमींच्या रोपांइतकींच जोमदार निघालीं. हा वृत्तांत त्यानें १८७० सालीं म्युनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना पत्रानें कळविला. नेगेलींना मेंडेलच्या कामाची थोरवी उमगली नाहीं; उलट त्यांच्याशीं झालेल्या पत्रव्यवहाराच्या नादांत मेंडेल ज्या रानफुलाच्या मागें लागला त्याच्या बिया बहुधा परागाशिवायच तयार होतात, आणि त्यामुळें त्याचे नियम तेथें लागू पडेनात. १८८४ सालीं मेंडेल वारला तेव्हां त्याचा निबंध ग्रंथालयांतून धूळ खात पडला होता.

दैवाची गति अशी कीं, त्याच नेगेलींचा शिष्य आणि त्यांच्या पुतणीचा पति कार्ल कोरेन्स यानें तो निबंध १९०० सालीं पुन्हां उजेडांत आणिला. त्यानें स्वतःहि तेच नियम शोधून काढले होते. परंतु आपल्या लेखाच्या मथळ्यांतच त्यानें मेंडेलचें नांव घातलें आणि श्रेय ज्याचें त्याला दिलें. पुढें १९०५ सालीं मेंडेलचीं पत्रेंहि त्यानेंच छापून प्रसिद्ध केलीं. या कोरेन्सचें आवडतें झाड गुलबक्षी. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला तर संततीचीं फुलें दोहोंच्या मधल्या फिक्या गुलाबी रंगाचीं होतात; आणि त्या गुलाबी झाडांची संतति घेतली तर चार झाडांमागें सरासरी एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरें असें प्रमाण पडतें. दूध आणि पाणी मिसळलें तर तीं पुन्हां वेगळीं होत नाहींत. पण येथें गुलाबींतून लाल आणि पांढरा पुन्हां निखळ बाहेर पडतात. आजोबांचा पांढरा रंग मुलाच्या ठिकाणीं झांकला जातो, नष्ट होत नाहीं.

या प्रयोगांत आई लाल आणि बाप पांढरा घ्या, अथवा उलट घ्या; फळ तेंच. फुलाच्या रंगांत दोघांचा वांटा सारखा. परंतु १९०९ सालीं कोरेन्सनें गुलबक्षीच्या एका चट्टेरी जातीवर जें पाहिलें तें अगदीं निराळें होतें. त्या जातीच्या एकाच झाडावर कांहीं फांद्या हिरव्या, कांहीं हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांच्या आणि कांहीं अगदीं पांढऱ्या असत. हिरव्या फांदीवरील फुलाला कोणत्याहि फांदीचा पराग दिला तरी बीपासून हिरवें रोपच उगवे. पांढऱ्या फांदीवरील फुलाला हिरव्या फांदीचा पराग दिला तरी रोप पांढरेंच. चट्टेरी फांदीच्या बियांतून तिन्हीं तऱ्हांचीं रोपें निघत. येथें बापाचें कांहींच चालत नव्हतें. पुढें असें ठरलें कीं, पानांतील हरितद्रव्याचे कण गुलबक्षींत बीजांडाच्या वाटेनेंच पुढच्या पिढींत जातात, परागाच्या वाटेनें नव्हे. त्याच वर्षीं बाउर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाला पेलार्गोनियम या फुलझाडांत ते दोघांहि मातापितरांकडून येतांना दिसले. तेव्हां हा नियमहि प्रत्येक झाडाला सरसकट लावतां येत नाहीं.

आणि हीं पांढरीं रोपें? तीं मरत. बींतील पांढऱ्या पिठाचा सांठा असेपर्यंत तीं दोन दळें पसरून उभीं राहत, आणि सांठा संपला कीं उपासानें कोलमडून पडत. येथें पांढरा रंग खरोखरच प्राणघातक आहे. कारण पानाचा हिरवा रंग हा अलंकार नव्हे, ती झाडाची चूल आहे. चूलच नाहीं तेथें स्वयंपाक कसला? परंतु पांढऱ्या फुलाच्या झाडाचें पान हिरवेंगार असतें. त्याची चूल उत्तम पेटलेली असते. पान पांढरें असणें आणि फूल पांढरें असणें यांत इतकें अंतर आहे. "पांढरें तें नाजूक" असें एका दमांत म्हणणाऱ्याच्या हातून हें अंतरच नजरेआड झालेलें असतें.

आतां राहिली घरगुती चौकशी. ती कोणत्याहि परसांत, गच्चींत किंवा सज्जांत करतां येईल. आदल्या वर्षीं दोन्हीं रंगांच्या झाडांवरील कांहीं कळ्यांना उमलण्यापूर्वींच मलमलीच्या पिशव्या बांधाव्या, म्हणजे पतंगांनीं बाहेरचा पराग आणून घोटाळा करावयाचा नाहीं. मिळालेल्या बिया एकाच दिवशीं भिजत घालाव्या. डार्विनची एक युक्ति येथें घेण्यासारखी आहे : तो एकाच वेळीं अंकुरलेल्या दोन बिया घेऊन एकाच कुंडींत समोरासमोर लावीत असे, म्हणजे माती, पाणी आणि ऊन दोघांना सारखें मिळे. त्याप्रमाणें बारा खोल कुंड्या भराव्या आणि प्रत्येकींत एक गुलाबी, एक पांढरें असें रोप लावावें. कोणतें कोणत्या बाजूला, हें मात्र आपल्या मनानें ठरवूं नये. नाणें उडवून ठरवावें. डार्विनच्या मक्याच्या पंधरा जोड्यांचा विचार करितांना रोनाल्ड फिशर या गणितज्ञानें १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत याच मुद्द्यावर भर दिला. माणसाचा हात नकळत आपल्या आवडत्या रोपाला बरी जागा देतो. नाण्याला आवडनिवड नसते.

मग दर आठवड्याला उंची मोजावी, पहिलें फूल कोणत्या दिवशीं आलें तें लिहावें, आणि शेवटीं बियांचें वजन करावें. मोजमाप अशा मुलाकडून घ्यावें कीं ज्याला प्रश्न काय आहे हें सांगितलेलें नाहीं. एखादें रोप गोगलगायीनें खाल्लें तर तेंहि वहींत नमूद करावें. गैरसोयीची नोंद गाळणें ही बागेंतीलहि लबाडीच होय. अखेरीस प्रत्येक कुंडींत कोण उंच झालें तें मोजावें. बारांपैकीं सात कुंड्यांत गुलाबी उंच निघालें तर आनंद मानण्याचें कारण नाहीं. दोघांत कांहीं फरक नसतांहि गुलाबीला सात किंवा अधिक कुंड्या मिळण्याचा योग दहांत जवळजवळ चार वेळां येतो. बाराच्या बारा कुंड्यांत तें उंच निघालें तर मात्र विचार करावा लागेल. कारण केवळ योगायोगानें तसें घडण्याचा संभव ४०९६ मध्यें एक इतकाच आहे. आणि तरीहि जो निष्कर्ष निघेल तो त्या दोन कुळांपुरता. शेजारच्या आळींतील पांढरी गुलबक्षी निराळ्या आईची असूं शकते, हें डार्विनच्या गारवेलीनें शिकविलेंच आहे.

एवढा खटाटोप एका मोरीकाठच्या झुडुपासाठीं कशाला, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, चुकीच्या निकालाची किंमत झुडुपाला द्यावी लागते, न्यायाधीशाला नव्हे. सावलींत पडलेली बी स्वतः उठून उन्हांत जाऊं शकत नाहीं, आणि आपल्या वतीनें चार शब्दहि बोलूं शकत नाहीं. माणसांच्या जगांतहि कितीतरी बिया अशा भिंतीच्या सावलींत पडलेल्या असतात, आणि त्यांच्या खुरटलेपणाचें कारण त्यांच्या रंगांत किंवा कुळांत शोधण्याची घाई तेथेंहि होत असते.

येत्या पावसाळ्यांत परसांतल्या ओलीवर गुलबक्षीचीं रोपें पुन्हां वर येतील. त्यांतील एखाद्याचें खोड स्वच्छ हिरवें असेल. त्याला उपटण्यासाठीं हात पुढें होईल तेव्हां तो क्षणभर थांबवावा, आणि तें रोप मुळांवरील मातीसकट उचलून विहिरीजवळ, ऊन येईल अशा जागीं लावून पाहावें. शरद् ऋतूंत अंधार पडतांना त्याचीं फुलें गुलाबी फुलांच्या आधीं नजरेस पडतील. कारण संधिप्रकाशांत पांढराच रंग सर्वांत उशिरापर्यंत दिसत राहतो.